रायफलच्या नळीतलं तांबं काढायला कोणतं सॉल्व्हंट घ्यावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पेनसिल्व्हेनियात नुकतीच एक वापरलेली थर्टी-ऑट-सिक्स (.३०-०६) बोल्ट-ॲक्शन (मागचा दांडा, म्हणजे बोल्ट, हातानं ओढून काडतूस भरायची) रायफल घेतली, हरणाच्या हंगामाआधी तिची नेमबाजी बिघडलेली दिसते, कांस्याचा ब्रश आणि पितळी जॅग (रॉडचं चिंधी धरणारं टोक) वापरून दहा चिंध्या फिरवल्या तरी प्रत्येक चिंधी निळीच बाहेर येते. दुसऱ्या मजल्यावर अपार्टमेंट, घरात दोन वर्षांचं मूल. अमोनियाचं सॉल्व्हंट (नळीत साचलेलं तांबं काढणारं द्रावण) घ्यावं की बिनअमोनियाचं? आणि आई गावाहून म्हणते, तांब्याचा तांब्या चिंचेनं निघतो तर ही नळी का नाही निघणार?

आधी उत्तर: बिनअमोनियाचं घ्या. बोर टेक एलिमिनेटरसारखं पाण्याच्या धर्तीचं द्रावण किंवा वाइप-आउटसारखा फेस, यांपैकी जे जवळच्या दुकानात मिळेल ते. पण त्याहीआधी तुमचा ब्रश बदला. निम्मा घोळ त्या ब्रशाचा आहे असं मला वाटतं. त्याकडे येतेच.

मी शिक्षणानं रसायनशास्त्राची, आणि गेली बारा वर्षं इथल्या क्लबात रायफल चालवते. माझं मत अनुभवानं असं झालंय की सॉल्व्हंट निवडताना बाटलीतलं द्रावण किती तीव्र आहे हे पाहू नये. आपण त्याला किती वेळ देणार आणि तो वेळ त्याच्याजवळ बसून देणार की नाही, हे पाहावं.

चिंचेचं आधी बोलू, कारण आईंचा प्रश्न खरंच चांगला आहे. चिंचेत टार्टारिक आम्ल असतं. ते तांब्यावरचं काळं-हिरवं किटण विरघळवतं, खालच्या धातूला जवळजवळ हात लावत नाही. म्हणून तर पिढ्यान् पिढ्या घासूनही तांब्या झिजून संपत नाही. नळीत मात्र किटण नसतं, तिथे चकचकीत धातुरूप तांबं पोलादाला चिकटून बसलेलं असतं. आम्लापुढे ते तांबं तसंच राहील आणि त्याखालचं पोलाद खाल्लं जाईल. व्हिनेगर, लिंबू, भांड्यांची पावडर, सगळ्यांचं तेच. अमोनियाचं बरोबर उलटं आहे. तो तांब्याला सोडत नाही आणि पोलादाला सहसा काही करत नाही.

हे तांबं येतं कुठून? हल्लीच्या बहुतेक गोळ्यांचं आवरण म्हणजे सुमारे ९५ टक्के तांबं आणि ५ टक्के जस्त. काही गोळ्यांत जस्त १० टक्क्यांपर्यंत असतं. नळीतले पीळदार आटे त्या आवरणात रुततात तेव्हाच गोळी फिरते. कारखान्यात बनलेल्या साध्या नळीच्या आत हत्यारांचे बारीक ओरखडे राहतात, आणि प्रत्येक गोळी त्यांवर थोडं तांबं खरवडून जाते. त्यावर जळलेल्या दारूचा कार्बन, त्यावर पुन्हा तांबं, असे थर चढतात. म्हणून नुसतं तांब्याचं सॉल्व्हंट ओतत राहिलं तर ते पहिल्या कार्बनच्या थरावर अडतं. चिंधी स्वच्छ येते, आपण खूश होतो, आणि खाली तांबं तसंच. आधी कार्बन काढा, मग तांबं, मग पुन्हा कार्बन. एलिमिनेटरसारखी काही द्रावणं दोन्हींवर चालतात. तुमच्यासारख्या नव्या माणसाला मी ती सुचवते, त्याचं हेही एक कारण आहे.

आता अमोनिया. पुष्कळांचा समज असा की अमोनिया तांबं 'विरघळवतो'. एकटा नाही विरघळवत. हवेतला ऑक्सिजन आधी तांब्याचं आयनात रूपांतर करतो, मग अमोनिया त्या आयनाला चहूबाजूंनी धरून गडद निळं संयुग बनवतो. चिंधीवर दिसतो तो निळा रंग हाच. त्यामुळे नळी काठोकाठ भरून ठेवण्यापेक्षा ओल्या चिंधीनं पातळ थर द्यावा आणि हवा खेळू द्यावी. ऑस्ट्रेलियाचं स्वीट्स ७.६२ हे या जातीतलं प्रसिद्ध द्रावण आहे, त्यात ५ टक्के अमोनिया असतो आणि नळीत पंधरा मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका अशी त्याची सूचना आहे. ती पाळा. अमोनिया उडून जातो आणि मागे पाणी उरतं. ओलं, उघडं पोलाद म्हणजे गंज.

हे मला पुस्तकातून नाही, हातून घडून कळलं. ऑगस्टमधली दमट दुपार होती. असंच एक तीव्र सॉल्व्हंट नळीत घातलं आणि आईचा फोन आला. बोलणं लांबलं. नंतर दोन कोरड्या चिंध्या फिरवल्या आणि तेल उद्या लावू म्हणून ठेवून दिली. सकाळी चिंधी नारिंगी आली. नळी वाचली, पण नेमकं तोंडाजवळ ठिपके राहिले आणि ते अजून आहेत. घरात दोन वर्षांचं मूल असताना पंधरा मिनिटं अखंड बसायला मिळतील याची खात्री कोण देणार?

वासाचं वेगळंच. दुसऱ्या मजल्यावर तुम्ही हे काम बहुधा न्हाणीघरातच कराल, आणि तिथे ब्लीच असलेलं क्लीनर ठेवलेलं असतं. अमोनिया आणि ब्लीच एकत्र आले तर क्लोरामाइनचा विषारी वायू होतो. निव्वळ या एका कारणासाठीही मी तुम्हाला अमोनियाची बाटली घरात आणू देणार नाही.

अमोनिया वापरणाऱ्या इतर वाचकांसाठी एक गोष्ट सांगते, कारण ती आपल्या मातीत घडलेली आहे. ब्रिटिशांच्या काळात हिंदुस्थानातल्या फौजेची पितळी काडतुसं पावसाळ्यात आपोआप तडकायची. मोहिमा थांबल्या की दारूगोळा तबेल्यांत ठेवत, घोड्यांच्या मुतातून अमोनिया सुटायचा, आणि काडतूस घडवायला पितळ ओढताना त्यात राहून गेलेला ताण त्या अमोनियानं चिरांच्या रूपात बाहेर यायचा. हे कोडं १९२१ मध्ये उलगडलं. धातुशास्त्राच्या वर्गात ते वाचलं तेव्हा मला फार नवल वाटलं होतं. तेव्हा अमोनियाच्या सॉल्व्हंटची बाटली आणि काडतुसांचा डबा एका कप्प्यात कधीच ठेवू नका, आणि सॉल्व्हंटचा ओला हात जिवंत काडतुसाला लावू नका.

योगायोगानं त्याच १९२१ साली अमेरिकन सैन्याने तुमच्याच .३०-०६ साठी वेगळा उपाय करून पाहिला. तेव्हाच्या गोळ्यांचं आवरण तांबं-निकेलचं होतं आणि नळीत त्याच्या गुठळ्या बसायच्या. त्या काढायला अमोनिया आणि अमोनियम परसल्फेटचं जालीम मिश्रण वापरावं लागे. म्हणून राष्ट्रीय स्पर्धेसाठी गोळ्यांना चक्क कथलाची कल्हई केली. गुठळ्या थांबल्या, पण कथिल आणि पुंगळीचं पितळ एकमेकांत सांधून बसायला लागलं आणि गोळी सुटताना दाब वाढू लागला. कल्हई सोडून दिली आणि आजचं तांबं-जस्ताचं आवरण आलं. आज आपल्याला सौम्य द्रावणावर भागवता येतं ते त्यामुळे.

बिनअमोनियाची द्रावणं तांब्याच्या आयनाला दुसऱ्या रेणूंनी पकडतात. काम हळू होतं, पण उग्र वास नसतो. फेस तर रात्रभर ठेवण्यासाठीच बनवलेला असतो. तुमचं मूल रात्री झोपलं की बोल्ट काढा, चेंबर (काडतूस बसतं तो नळीचा मागचा भाग) डोळ्यांनी आणि बोटानं तपासा, काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवा. चेंबरच्या बाजूनं बोर गाइड (रॉड सरळ नेणारी पोकळ नळी) बसवा आणि नळीचं तोंड खाली झुकलेलं ठेवा, म्हणजे फेस ट्रिगरमध्ये आणि लाकडात उतरणार नाही. फेस भरा, बंद कपाटात ठेवा, झोपा. सकाळी चिंध्या फिरवा. निळं आलं तर दुसऱ्या रात्री पुन्हा. शेवटी कोरडी चिंधी आणि तेलाचा हलका हात. हातमोजे घाला, आणि वापरलेल्या चिंध्या मुलाचा हात पोचणार नाही अशा ठिकाणी लगेच टाका, कारण त्यांत शिसंही असतं.

हॉप्स नंबर ९ चा वास अनेकांना जुन्या आठवणींसारखा प्रिय असतो. १९०३ पासूनचं आहे आणि कार्बनवर अजूनही छान चालतं. तांब्यावर मात्र फार संथ आहे, साचलेला थर त्यानं काढायचा म्हटलं तर कंटाळाल.

आता तो ब्रश. तुम्ही कांस्याचा ब्रश आणि पितळी जॅग वापरता असं लिहिलंय. कांस्यातही तांबं, पितळेतही तांबं. सॉल्व्हंट त्या दोघांना खातंय आणि तोच निळा रंग चिंधीवर येतोय. म्हणजे नळी केव्हाच साफ झाली असेल आणि तुम्ही ब्रश विरघळवत बसला असाल. खात्री करायला नवी चिंधी सॉल्व्हंटमध्ये भिजवून नुसत्या जॅगभोवती गुंडाळा आणि दहा मिनिटं टेबलावर ठेवा. निळी झाली तर दोष कळला. नायलॉनचा ब्रश आणि निकेलचा मुलामा दिलेला किंवा स्टीलचा जॅग घ्या. सॉल्व्हंटपेक्षा स्वस्त पडेल. याच्या उलटही एक फसवणूक आहे: केजी-१२ नावाच्या द्रावणात तांबं उतरलं तरी चिंधी निळी होत नाही. चांगलं द्रावण आहे, पण रंगावर विसंबणाऱ्याला पहिल्यांदा तरी नको.

रंगापेक्षा डोळ्यांवर भरवसा ठेवा. बोल्ट काढलेला असताना नळीच्या तोंडाशी तिरपी टॉर्च मारा. आट्यांच्या उंचवट्यांवर लालसर पट्टे दिसले तर तांबं आहे. आणि थोडं राहिलं तर राहू द्या. नळी आरशासारखी करण्याच्या नादात घासणारी पेस्ट आणि रॉडचे शेकडो फेरे मारून लोक नळीचं तोंडच खराब करतात, आणि ते तांब्यापेक्षा कितीतरी वाईट. अगदी कोऱ्या केलेल्या नळीतून पहिल्या काही गोळ्या बहुधा वेगळीकडे जातातही. म्हणून थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी हंगाम उघडतो त्याच्या आठवडाभर आधी सफाई उरका, रेंजवर जाऊन पाच-सहा गोळ्या झाडा, गोळ्या एका जागी पडू लागल्या की स्कोप जुळवा, आणि मग हंगाम संपेपर्यंत तांब्याचं सॉल्व्हंट नळीत घालू नका. पाऊस-बर्फात भिजली तर पुसून तेल लावा, आणि झाडण्याआधी एक कोरडी चिंधी फिरवा.

एवढं करूनही नेम जुळला नाही तर नळीमागे लागू नका. स्कोपच्या माउंटचे आणि लाकडाला धरणारे ॲक्शनचे स्क्रू ढिले आहेत का ते बघा. वापरलेल्या रायफलींत मला दोनदा दोष तिथेच सापडला आहे.