कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याची झूम लेन्स अर्धवट बाहेर येऊन अडकली आहे. घरी काही करता येईल का?

तुम्ही लिहिलंय की तारकर्लीहून परत आल्यावर कॅमेरा चालू केला, लेन्स अर्धी बाहेर आली, आतून 'कर्र' असा आवाज झाला, स्क्रीनवर 'लेन्स एरर' आलं आणि कॅमेरा आपोआप बंद पडला. आता लेन्स आतही जात नाही. वॉरंटी कधीच संपलीय. घरी काही जमेल का आणि नाहीच जमलं तर दुरुस्तीवर पैसे घालावेत का, हे तुमचे दोन प्रश्न.

आधी एक काम करा. बटण दाबणं थांबवा आणि बॅटरी बाहेर काढून ठेवा.

'परत एकदा चालू करून बघू' हा मोह सगळ्यांना होतो. मी काही वर्षं कॅमेरा दुरुस्तीच्या काउंटरवर बसलेलो आहे. वाळूनं अडकलेल्या लेन्स किनाऱ्यावरच्या सुट्ट्या संपल्या की रांगेनं यायच्या. ज्यांनी लगेच बॅटरी काढली होती त्यांचं काम बरेचदा ब्लोअर आणि ब्रशवर भागायचं. ज्यांनी मालवण ते कणकवली गाडीत बसून बटण दाबत प्रवास केला, त्यांचा गिअर सोललेला निघायचा.

आत काय असतं ते थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं का करायचं ते कळेल. ही लेन्स म्हणजे प्रवासात नेतात त्या घडीच्या स्टीलच्या पेल्यासारख्या एकात एक बसणाऱ्या दोन-तीन नळ्या. नळ्यांच्या भिंतींवर तिरक्या खाचा असतात आणि त्या खाचांतून छोट्या पिना सरकतात. एक नळी गोल फिरली की तिच्या आतली पुढे येते. फिरवणारी मोटर अगदी इवलीशी, आणि तिची ताकद नळीपर्यंत जाते ती प्लास्टिकच्या बारीक गिअरमधून. मोटर किती फिरली हे कॅमेरा एका सेन्सरनं सतत मोजत असतो. वीज दिली पण मोजणी पुढे सरकली नाही, तर काहीतरी अडलंय असं धरून तो एरर देतो आणि बंद होतो. म्हणजे एरर आली याचा अर्थ मोटर गेली असा नाही. हिशोब जुळला नाही, एवढंच कॅमेरा सांगतोय. कंपनीप्रमाणे शब्द बदलतात. जुन्या कॅनन पॉवरशॉटवर 'ई18' यायचं, पॅनासॉनिकवर 'सिस्टिम एरर (झूम)', फुजीवर 'झूम एरर'. दुखणं तेच.

ट्रिपचे फोटो कार्डवर असतील तर कार्ड काढून आत्ताच कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. पुढे कॅमेऱ्याचं काहीही होवो, फोटोंची चिंता नको.

आता बॅटरी. हसण्यावारी नेऊ नका. लेन्स हलायला सुरुवात करते त्या क्षणी मोटर एकदम जास्त करंट खेचते, आणि जुनी झालेली बॅटरी स्क्रीनवर फुल दाखवत असली तरी तेवढ्या ओढीला दम टाकते. पेन्सिल सेलच्या कॅमेऱ्यात तर भिंतीवरच्या घड्याळाचे साधे सेल घालून लोक यायचे आणि लेन्स खराब झाली म्हणून सांगायचे. त्या कॅमेऱ्यांना रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइड सेल लागतात. त्यांच्यावर 1.2 व्होल्ट लिहिलेलं असतं, साध्या सेलवर 1.5, पण जास्त करंट द्यायची वेळ आली की रिचार्जेबलच टिकतात. तुमची बॅटरी पूर्ण चार्ज करा, तिच्या आणि कॅमेऱ्याच्या पितळी टोकांवरून पेन्सिलचं स्वच्छ खोडरबर हलकेच फिरवा, कचरा झटका. बॅटरी फुगलेली दिसली तर ती परत घालूच नका.

चार्ज झाल्यावर, कार्ड न घालता, शूटिंगच्या बटणाऐवजी फोटो बघायचं बटण दाबून कॅमेरा चालू करा. बऱ्याच मॉडेलमध्ये असं केलं की लेन्स हलत नाही. स्क्रीन नीट लागली आणि मेनू चालला, तर कॅमेऱ्याचा मेंदू शाबूत आहे आणि भांडण फक्त लेन्सशी आहे हे नक्की झालं.

मग एकदाच, फक्त एकदाच, कॅमेरा कानाशी धरून नेहमीच्या बटणानं चालू करा. काउंटरवर आम्ही निम्मं निदान कानानंच करायचो. 'कर्र, कर्र' आणि मध्येच थांबणं: नळ्यांच्या फटीत कण. मोटरचा 'घूंऽऽ' असा मोकळा आवाज, पण नळी जागची हलत नाही: गिअरचे दात गेले किंवा गिअर सटकला, घरी इलाज नाही. 'टक' असा एकच आवाज आणि शांतता: नळी वाकडी होऊन घट्ट बसलेली, बहुतेक पडलेल्या कॅमेऱ्यात. काहीच आवाज नाही: बॅटरी, मोटर किंवा आतली फ्लेक्स पट्टी, म्हणजे वीज नेणारी वाकणारी पातळ पट्टी. लेन्स पूर्ण बाहेर येते, आत जाते आणि मगच एरर येते: तेव्हा झूम ठीक असतो, फोकसच्या छोट्या मोटरचा किंवा शटरचा घोळ असतो.

तुमच्या वर्णनावरून पहिला प्रकार वाटतो, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहितो.

बॅटरी काढा. टेबलावर पांढरा कागद पसरा, म्हणजे काय पडतंय ते दिसेल. लेन्सचं तोंड जमिनीकडे करून कॅमेरा एका हातात धरा आणि दुसऱ्या हातानं रबरी ब्लोअर, तोच फुग्यासारखा दाबायचा, खालून फटीत मारा. एका जागी नाही, नळीभोवती सगळीकडून. मधूनच कॅमेऱ्याच्या बाजूवर बोटानं टिचक्या मारा. खाली कागदावर चार-दोन कण पडलेले दिसले की समजा रस्ता बरोबर आहे. तोंडानं फुंकू नका, वाफ आणि थुंकीचे शिंतोडे काचेवर जातात. स्प्रेच्या डब्यातली हवाही नको. तिचा जोर एवढा असतो की बाहेर येऊ शकणारा कण थेट आतल्या खाचेत जाऊन बसतो.

यानंतरचं काम नाजूक आहे. लग्नपत्रिकेत मजकुरावर असतो तो पातळ बटर पेपर घ्या. बोटभर रुंदीची पट्टी कापा आणि नळी व तिच्या बाहेरची कडा यांच्यातल्या फटीत दोन-तीन मिलिमीटरच आत सरकवा. खोल नको, कारण काही कॅमेऱ्यांत आत पातळ सील असते, ती जागेवरून हलते. आता ही पट्टी हळूहळू नळीभोवती फिरवा. बहुतेक ठिकाणी ती गुळगुळीत सरकेल. एखाद्या जागी बोटाला किरकिर जाणवेल, पट्टी अडखळेल. कण तिथे आहे. पट्टी तिथेच मागेपुढे दोनदा करा, काढा, आणि त्या जागी ब्लोअर मारा. विजेरी तिरकी धरली तर कण चमकतानाही दिसतो, कोकणातल्या वाळूत शिंपल्यांचा चुरा भरपूर असतो. टाचणी, सुई, ब्लेड यांपैकी काहीही वापरू नका. नळीवरचा काळा थर खरवडला जातो आणि त्याचाच चुरा पुन्हा आत पडतो.

हे झालं की बॅटरी घाला आणि लेन्सचं तोंड खालीच ठेवून एकदा चालू करा. नळी मघापेक्षा थोडी जरी पुढे सरकली तरी उत्तम. बॅटरी काढा, नव्यानं उघड्या झालेल्या भागावर ब्लोअर आणि पट्टी, परत चालू. घाई नको. आणि लेन्स पूर्ण बाहेर आली की आनंदानं लगेच बंद करू नका! बंद केलं की ती उरलेली वाळू घेऊन आत जाईल. त्याऐवजी चालू असतानाच बॅटरीचं झाकण उघडा. वीज गेल्यामुळे लेन्स बाहेरच राहते आणि सगळ्या नळ्या आपल्याला निवांत साफ करता येतात. मऊ, कोरडा ब्रश नळ्यांच्या जोडावर फिरवा. लेन्ससमोरच्या दोन-चार काळ्या पाकळ्या अर्धवट उघडत असतील तर त्यांच्या कडेलाही ब्लोअर मारा, तिथेही कण बसतो.

तेल मात्र अजिबात नाही. शिलाई मशीनचं नाही, गंज काढायच्या स्प्रेचं तर नाहीच. यावरून माझी घरातल्या लोकांशीसुद्धा भांडणं झाली आहेत. तेल खाचेत थांबत नाही, ते पसरत पसरत शटरच्या पात्यांवर जातं, पाती एकमेकांना चिकटतात, काचेवर धुरकट थर येतो. शिवाय उरलेली वाळू त्यात कालवून त्याचा पॉलिशचा मसाला तयार होतो.

कॅमेरा वाळूत नुसता ठेवला नव्हता, हातातून पडलासुद्धा होता, असं असेल तर नळी समोरून नीट बघा. भोवतालची फट सगळीकडे सारखी आहे का? एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला नाहीशी झाली असेल तर पिन खाचेतून उडाली आहे. बॅटरी काढून, नळी अंगठ्यांनी सरळ करायच्या दिशेनं हलकेच दाबली तर कधीकधी 'टिक' करून पिन जागेवर बसते. कधीकधी तुटतेही. म्हणून हा उपाय, कॅमेरा गेला तरी चालेल असं मनाशी ठरवल्यावरच करायचा. आणि समुद्राचं पाणी उडालं असेल तर वरचं सगळं विसरा. बॅटरी बाहेर ठेवा आणि शक्य तितक्या लवकर कारागिराकडे न्या. खारं पाणी वाळलं तरी मीठ मागे राहतं आणि सर्किट खात बसतं. तांदळाच्या डब्यानं ते निघत नाही.

छोटा स्क्रू ड्रायव्हर घरात आहे म्हणून कॅमेरा उघडायला बसू नका. फ्लॅशसाठी वीज साठवणारा कपॅसिटर साधारण 300 व्होल्टला चार्ज होतो आणि बॅटरी काढल्यावरही बराच वेळ तसाच राहतो. त्याचा झटका हात झिणझिणवण्यापुरता नसतो. कारागीर उघडल्यावर सगळ्यात आधी तो रिकामा करतो.

आता पैशाचं. आतला एखादा गिअर बदलण्याऐवजी कारागीर बहुतेक वेळा पूर्ण लेन्स युनिटच बदलतात, आणि नवीन युनिट मिळणं दिवसेंदिवस कठीण होत चाललंय. 2010 साली जगभरात दहा कोटींहून जास्त कॉम्पॅक्ट कॅमेरे दुकानांत गेले होते, 2023 मध्ये तो आकडा वीस लाखांच्याही खाली आला. एवढ्याशा बाजारासाठी जुन्या मॉडेलचे भाग कोण ठेवणार? त्यामुळे बदलून मिळतं ते बहुतेक दुसऱ्या बंद कॅमेऱ्यातून काढलेलं युनिट. त्यात वाईट काही नाही, पण विचारून घ्या आणि दर त्या हिशोबानं ठरवा. तसाच चालू कॅमेरा सेकंडहँड कितीला मिळतो ते आधी बघा. दुरुस्ती त्याच्या निम्म्याहून महाग पडत असेल तर मी करणार नाही. पण जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांची कॉलेजच्या पोरांत परत फॅशन आलीय, तेव्हा बंद कॅमेरासुद्धा भंगारात टाकू नका, त्याच्या स्क्रीनला आणि बॉडीला गिऱ्हाईक मिळतं.

मुंबईत असाल तर फोर्टातल्या बोरा बाजारात चौकशी करा, तिथे कॅमेऱ्यांची दुकानं शेजारी शेजारी आहेत. बाकी शहरांत जुन्या फोटो स्टुडिओवाल्याला विचारा, त्याचा एक कारागीर ठरलेला असतो. कॅमेरा देताना सीरियल नंबर पावतीवर लिहून घ्या आणि बदललेला भाग परत हवा असं आधीच सांगा.

घ्यायला जाल तेव्हा दुकानातच झूम या टोकापासून त्या टोकापर्यंत पाच-सहा वेळा फिरवून बघा. मग वर्तमानपत्राचं पान भिंतीवर सपाट धरायला सांगा, समोर सरळ उभं राहून पूर्ण झूमवर आणि झूम न करता असे दोन फोटो काढा आणि स्क्रीनवर मोठे करून चारही कोपऱ्यांतली अक्षरं वाचा. एकाच कोपऱ्यातली अक्षरं पुसट दिसली तर लेन्स किंचित तिरकी बसली आहे. पैसे देण्याआधीच कॅमेरा परत काउंटरवर ठेवा.