वाचकांचे प्रश्न : एवढं मोठं आभाळ, जायचं खंय?

मागच्या अंकात मी सहज लिहून गेलो की पावसाळ्यात लाइट असेल त्या संध्याकाळी मी कॉम्प्युटरवर यान घेऊन तारे फिरत असतो. झालं, सहा महिन्यांत आले नसतील एवढे मेसेज एका आठवड्यात आले. म्हणून या वेळी हाच एक विषय, अंतराळातले कॉम्प्युटर गेम, बागायतीचे प्रश्न पुढच्या खेपेला.

प्रश्न : मुलगा बारावीच्या परीक्षेतून मोकळा झालाय. रोज रात्री अंतराळातला कसला तरी गेम. मारामारी नाही, कोणी हरत नाही, नुसता या ताऱ्यावरून त्या ताऱ्यावर. संपणार कधी विचारलं तर म्हणतो हा संपतच नाही. यात मिळतं काय?
एक आई, मालवण

उत्तर : ताई, हाच प्रश्न मला माझ्या आजोबांनी विचारलेला, आणि ते चाळीस वर्षं तांडेल, म्हणजे मच्छीमार नौकेचे कप्तान होते. मागे खुर्ची ओढून बसले नि म्हणाले, "खंय चल्लंस?" म्हटलं आकाशगंगेच्या मधोमध. "थंय काय गावता?" म्हटलं काही नाही, एक कृष्णविवर आहे. जरा वेळ स्क्रीनकडे बघत राहिले आणि मग विचारलं, "आणि परत कधी येतलंस?"

तुमचा मुलगा बहुतेक एलिट डेंजरस खेळत असावा, २०१४ चा गेम आहे. त्यात आपलीच आकाशगंगा खऱ्या मापात आहे, सुमारे ४०,००० कोटी तारे, त्यातले शास्त्रज्ञांच्या यादीतले हजारो तारे आपापल्या जागी आणि बाकीचे गणिताने भरलेले. ते मधलं कृष्णविवर इथून २६,००० प्रकाशवर्षांवर, आणि यान एका उडीत जातं तीस-चाळीस, चांगलं सुधारून घेतलं तर साठ-सत्तर प्रकाशवर्षं, म्हणजे बघा शेकडो उड्या. प्रत्येक उडी संपली की तारा धाडकन समोर येतो, अख्खा स्क्रीन भरून, आणि मी इतकी वर्षं खेळतोय तरी दर वेळी मान मागे जातेच. मग भोंगा वाजवायचा, म्हणजे स्कॅनर, की त्या ताऱ्याभोवती काय काय फिरतंय ते कळतं. तिथे आधी कोणीच आलेलं नसेल तर 'प्रथम शोध' म्हणून तुमच्या मुलाचं नाव लागतं आणि जगातला कोणीही नंतर तिथे गेला तरी त्याला ते दिसतं. पण गोम अशी आहे की ती माहिती तोपर्यंत फक्त यानातच असते, परत येऊन स्टेशनवर विकली तरच नाव लागतं, वाटेत यान फुटलं तर सगळं पाण्यात. म्हणून आजोबांचा तिसरा प्रश्न एकदम बरोबर होता.

तेलाचंही तसंच. इंधन ताऱ्याजवळून जाताना ओढून घ्यायचं असतं, पण सगळे तारे ते देत नाहीत, आपल्या सूर्यासारखे देतात, विझल्यासारखे तपकिरी असतात ते नाही. मी एकदा गप्पांच्या नादात असल्या तीन तपकिऱ्या ओळीने पकडल्या आणि टाकी कोरडी. यान गप्प, दिवे मंद, मग नुसता श्वासाचा आवाज आणि ऑक्सिजनचा उलटा काटा. खेळणाऱ्यांचीच 'फ्युएल रॅट्स' म्हणून एक टोळी आहे २०१५ पासूनची, त्यांना निरोप टाकायचा आणि कुणी अनोळखी माणूस त्याच्या घरी बसून, स्वतःचा वेळ घालवून, तुम्हाला तेल द्यायला येतो, पैसे बिसे काही नाही. माझ्यासाठी आला तो कुठल्या देशातला होता देव जाणे. आजोबा मागून बघत होते, म्हणाले, "म्हणजे होडी ओढून आणूक माणसां आसत थंय पण," आणि त्यानंतर त्यांनी कधी मला नावं ठेवली नाहीत.

तर ताई, तास तुम्ही ठरवून द्या, बारावीच्या पोराला झोप लागतेच, त्यात मी पडत नाही. पण "काय मिळतं" ऐवजी एकदा "आज कुठवर पोचलास" विचारून बघा.

प्रश्न : पावसाळी मासेमारीबंदी लागली, नौका शाकारून ठेवली, म्हणून सेलमध्ये नो मॅन्स स्काय हा गेम घेतला. अब्जावधी ग्रह म्हणे. पंधरा ग्रह बघितले आणि आता सगळे एकसारखेच वाटतात, दगड तेच, झाडं तीच, फक्त रंग वेगळा. फसवलं का?
एक खलाशी, देवगड

उत्तर : भाऊ, फसवलं नाही, पण पाटी फार मोठी लावलेली. आकडा आहे १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१६, म्हणजे २ चा ६४ वा घात. सेकंदाला एक ग्रह बघायचा म्हटलं तर ५८,००० कोटी वर्षांच्या वर लागतील, आणि आपला सूर्य विझायला राहिलीत साधारण ५०० कोटी. हे ग्रह कोणी बसून बनवलेले नाहीत आणि कुठे साठवलेलेही नाहीत. प्रत्येक ग्रहाला एक नंबर आहे, त्याला बी म्हणतात, आणि तुम्ही जवळ गेलात की त्या बीपासून गणित डोंगर, गवत, जनावरं जागच्या जागी उगवतं. तुम्ही देवगडचे, तुम्हाला सांगायला नको की हापूसची कोय लावली तर हापूसच येईल असं नाही, म्हणून तर आपण कलमं बांधतो. इथे उलट आहे, तीच बी शंभर वेळा लावा, पानापानाला तोच ग्रह. पण कुठलीही बी घेतलीत तरी ती एकाच बागेतली, म्हणून पंधराव्या ग्रहाला तुम्हाला बाग ओळखू आली. यात तुमच्या डोळ्याचा दोष नाही.

पाटीचं म्हणाल तर ऑगस्ट २०१६ मध्ये गेम आला तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. लोकांना वाटलेलं एकमेकांना भेटता येईल, आणि पहिल्याच दिवशी दोघं ठरवून एकाच ग्रहावर एकाच जागी जाऊन उभे राहिले तर कोणालाच कोणी दिसेना! ब्रिटनमध्ये जाहिरातीवर तक्रारी गेल्या, तिथल्या जाहिरात नियामकाने तपासून जाहिरातीत दोष नाही असं सांगितलं, पण लोकांच्या मनातून गेम उतरला तो उतरलाच. मला आवडतं ते त्याच्या पुढचं. ही छोटीशी कंपनी पळून गेली नाही, तोंड मिटून काम करत राहिली, २०१८ च्या 'नेक्स्ट' अपडेटमध्ये खरोखर एकमेकांना भेटता यायला लागलं, २०१९ ला व्हीआर आलं, म्हणजे डोळ्यांवर चष्मा चढवून जणू आतच शिरायचं, आणि हे सगळं फुकट. उधार फेडायला वेळ लागला पण फेडलं, असं मी तरी म्हणेन.

आता तुम्ही काय करायचं, तर ग्रह मोजणं बंद करा. एकच ग्रह धरा, शक्यतो पाण्याचा, तिथे घर बांधा, आणि आठ दिवस तिथेच राहा. वादळ कधी येतं, कुठल्या गुहेत काय मिळतं, रात्री कुठलं जनावर फिरतं. समुद्रात तरी तुम्ही रोज नवीन जागा थोडीच शोधता, ठरलेल्या खडपांवरच जाता ना? आणि तरीही कंटाळा आला तर २०१९ चा आउटर वाइल्ड्स घ्या. त्यात मूठभर ग्रह आहेत, सगळे हाताने घडवलेले, एकासारखा दुसरा नाही. याच्यावर जास्त काही सांगत नाही, सांगितलं तर मजा जाते.

प्रश्न : आमच्या वेळी असा एक रेघांचा गेम होता असं ऐकलंय, त्यातही हजारो ग्रह होते. तेव्हाच्या मशीनमध्ये ते मावले कसे?
निवृत्त शिक्षक, रत्नागिरी

उत्तर : सर, तो एलिट, १९८४ चा, वर सांगितलेल्या गेमचा थोरला भाऊ. डेव्हिड ब्रेबन आणि इयन बेल, केंब्रिजचे दोन विद्यार्थी. बीबीसी मायक्रो हा तेव्हाचा घरगुती कॉम्प्युटर, त्याची मेमरी सगळी मिळून ३२ केबी, आज व्हॉट्सॲपवरचा गुड मॉर्निंगचा फोटो त्याहून जड असतो, आणि तेवढ्यात ८ आकाशगंगा, प्रत्येकीत २५६ तारे. युक्ती तीच बीची. पोरांना खरं तर २ चा ४८ वा घात एवढ्या आकाशगंगा ठेवायच्या होत्या, प्रकाशकाने अडवलं, म्हणाला एवढ्या दिल्यात तर लोकांना कळेल की सगळं एकाच साच्यातलं आहे. देवगडच्या भावाची तक्रार त्या माणसाला तेव्हाच दिसली होती! ग्रहांची नावंही गणितच जुळवायचं, आणि एका आकाशगंगेत अशी जुळणी झाली की इंग्रजीत शिवी झाली, मग ती आकाशगंगाच बाद.

प्रश्न : भाच्याला स्टार सिटिझन नावाच्या अंतराळातल्या गेममधलं यान घ्यायला पैसे हवेत. देऊ का?
चिपळूण

उत्तर : नको. २०१२ ला लोकवर्गणी सुरू झाली, २०१४ ला देतो म्हणाले, ७० कोटी डॉलरच्या वर गोळा झालेत आणि गेम अजून पूर्ण नाही. जेवढा आहे तेवढा दिसायला अप्रतिम आहे हे कबूल. पण मामाच्या पैशाने नको.

प्रश्न : आमच्याकडे नेट कधी येतं कधी जातं, पावसात लाइटचं तर विचारूच नका. असा कुठला गेम चालेल?
गुहागर

उत्तर : एलिट डेंजरस विसरा, एकट्याने खेळलात तरी त्याला नेट लागतंच, ऑफलाइन देणार होते पण यायच्या महिनाभर आधी नाही म्हणाले. नो मॅन्स स्काय एकदा उतरवून घेतला की नेटशिवाय चालतो, फक्त इतर लोक दिसत नाहीत, आउटर वाइल्ड्सही चालतो. मशीन साधं असेल तर कर्बल स्पेस प्रोग्रॅम, पहिला, दुसरा नको. यात रॉकेट आपणच जोडायचं. माझी पहिली सात सरळ वर गेली आणि सरळ खाली आली, मग कळलं की कक्षेत राहायला उंचीपेक्षा आडवा वेग लागतो. नेट चांगलं असलेल्या एखाद्या नातेवाइकाकडे लॅपटॉप घेऊन जा आणि रात्रभर डाऊनलोडला लावा. आणि मोठं इंजिन पेटवायच्या आधी सेव्ह करा. माझं यान चंद्रावर टेकायला दोनशे मीटर राहिलेले आणि आमच्या वाडीचा ट्रान्सफॉर्मर गेला.