बाटलीवाचूनचा थर्टी फर्स्ट

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

साताऱ्यात शाहूपुरीतल्या नव्या घराच्या गच्चीवर थर्टी फर्स्टला पंधरा जणांना बोलवायचं आणि दारू ठेवायची नाही, हा तुझा बेत मला मनापासून आवडला. त्या दिवशी आपल्याकडची पोरं कासला नाहीतर महाबळेश्वर-पाचगणीला पळतात, मध्यरात्री घाट उतरून येतात आणि तोवर घरच्यांच्या डोळ्याला डोळा लागत नाही. तुझ्याकडे आलेले सगळे शुद्धीत गाडी चालवत घरी जातील, एवढ्यासाठीसुद्धा हा बेत तडीस जायला हवा. तू विचारलंस, सरबतं कुठली करू? ती सांगतेच. पण या कामात सरबतं हा सोपा भाग आहे.

पिणाऱ्यांची बैठक कधीतरी लक्ष देऊन बघ. प्रत्येकाच्या हातात पेला असतो. घोट लहान असतो, कारण चव इतकी जहाल की घटाघटा पिताच येत नाही. पेला रिकामा झाला की कुणीतरी उठतं, भरून आणतं आणि त्या निमित्ताने माणसं जागा बदलतात, नवं कुणी शेजारी येऊन बसतं. मध्ये काहीतरी खारं-तिखट ठेवलेलं असतं. त्या चालीवर माणसं तीन-चार तास एका जागी रमतात. यातली दारू तेवढी काढ आणि बाकी सगळं जसंच्या तसं ठेव. मला सांगायचंय ते एवढंच, पुढची सगळी त्याची तयारी.

दारू नसलेल्या बऱ्याच बैठका नऊ वाजताच का आटपतात? गोडामुळे. यजमान हौसेने तीन रंगांची सरबतं करतो, तिन्ही साखरेने ठासलेली. पहिला पेला छान लागतो, दुसरा नकोसा होतो आणि तिसऱ्याला कुणी हात लावत नाही. शिवाय घरगुती सरबताच्या एका पेल्यात चार-चार चमचे साखर सहज जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलं, की वरून घातलेली साखर मोठ्या माणसाने दिवसाला साधारण २५ ग्रॅमच्या आत ठेवली तर उत्तम. म्हणजे जेमतेम सहा चमचे. दोन पेल्यांतच हिशोब संपला! तेव्हा मोठ्यांच्या पेल्यात आंबट, तिखट, खारट, तुरट आण आणि गोड फक्त नावापुरतं घाल. अशी चव माणूस घोट-घोट घेतो, आणि परत मागतो.

डिसेंबरअखेरची गच्ची म्हणजे अजिंक्यताऱ्यावरून येणारा गार वारा. पहिलं पेय गरमच हवं, आणि माझ्या मते आमसुलाच्या सारासारखं दुसरं काही नाही. आपण ते भातावर घेतो म्हणून पेय म्हणून सुचत नाही. वीस-पंचवीस आमसुलं गरम पाण्यात अर्धा तास भिजव, हाताने चांगली कोळ, गाळून घे आणि सव्वादोन लिटर होईल इतकं पाणी घाल. मीठ, थोडासा गूळ. मग चमचाभर तुपात जिरं तडतडू दे, हिंग, कढीपत्ता आणि दोन सुक्या मिरच्या मोडून घाल, ही फोडणी सारावर ओत आणि एक हलकी उकळी आण. मिरच्या वाढताना काढून टाक, अंधारात कुणाच्या तोंडात जायच्या. भांडं स्टीलचंच घे. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात आंबट उकळायचं नाही, अॅल्युमिनियममध्येही नाही. आमसुलांऐवजी आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, वापरणार असशील तर त्यात मीठ आधीच असतं, चाखल्याशिवाय मीठ टाकू नकोस. चहाच्या लहान कपातून दे. दारातून आत येणाऱ्याच्या हातात दोन मिनिटांत हा कप पडला पाहिजे, मग 'प्यायला काय आहे' हा प्रश्न ओठावर यायच्या आत मिटतो.

दुसरं पेय आल्याचं. आपला जिल्हा आल्याचा, साताऱ्याच्या मंडईत त्या दिवसांत ताजं, पातळ सालीचं आलं मिळतं. पाव किलो घे, साल खरवड, कपभर पाण्याबरोबर मिक्सरला लाव आणि फडक्यातून पिळून काढ. आता घाई करू नकोस. तो रस पंधरा-वीस मिनिटं तसाच राहू दे. काचेच्या बरणीत ठेवलास तर दिसेल, तळाशी पांढरा साका बसतो आणि वर पिवळसर नितळ रस राहतो. वरचा रस अलगद ओतून घे, साका टाकून दे. साका राहिला तर पेय पिठूळ लागतं आणि थंड झालं की बुळबुळीत होतं. इकडे पाण्यात गवती चहाची जुडी, ठेचलेली मिरी आणि कराडकडचा गूळ उकळव. पेल्यामागे सपाट चमचाभर गूळ पुरे. आल्याचा रस आच बंद केल्यावर, पेल्याला एक मोठा चमचा. लिंबू ज्याने त्याने आपल्या पेल्यात आयत्या वेळी पिळावं, आधी पिळून ठेवलेला रस कडवट होतो. ठसका लागेल इतकं तिखट होऊ दे. घशाला जाळ लागला पाहिजे, पिणाऱ्यांना तोच जाळ ओळखीचा असतो.

गार काहीतरी हवंच म्हणणारे असतात. त्यांच्यासाठी स्ट्रॉबेरी. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि आपल्याला ती तासा-दीड तासाच्या अंतरावरून ताजी मिळते हे आपलं भाग्य. डिसेंबरात अजून आंबटसर असते, भावही चढा असतो, पण पंधरा जणांना किलोभर पुरते. काट्याने जाडसर चेच, मिक्सरला नको, फोडी दाताखाली यायला हव्यात. सैंधव, भरडलेली मिरी, लिंबू, आणि पेल्यात वरून साधा सोडा. साखर नाहीच. सोडा ज्याच्या त्याच्या पेल्यात आयत्या वेळी ओत, आधी मिसळून ठेवलास तर फुस्स होतो.

अंदाज म्हणशील तर माणशी तीन पेले धर, दीडशे मिलीचे. पंधरा जणांना पावणेसात लिटर, तिन्ही मिळून. साधं पाणी वेगळं, आणि तेही दिसेल असं ठेव.

आता खाणं. चखणा इतका खारट का असतो? खारट खाल्लं की तहान लागते आणि पेला लवकर रिकामा होतो. तुला तो धंदा करायचा नाही, तेव्हा तळलेली डाळ आणि पाकिटातले वेफर्स विसर. मी सांगते ते ठेव: हाताला काम देणारं खाणं. भाजलेल्या भुईमुगाच्या शेंगा, टरफलासकट. हरभऱ्याचे डहाळे मिळाले तर मोठ्या तव्यावर घाटे काळपट डाग पडेपर्यंत भाज आणि परातीत ओतून मध्ये ठेव. बोरं. शेंगा फोडणाऱ्याचे, घाटे सोलणाऱ्याचे हात रिकामे नसतात, आणि ज्याचे हात रिकामे नसतात तो अवघडून बसत नाही, मोबाइलही काढत नाही. गप्पा आपोआप सुरू होतात. खाणंही कमीच होतं, कारण एकेक दाणा सोलूनच तोंडात जातो.

एक भांडं कोरेगावच्या वाघ्या घेवड्याचं असू दे. तुझ्या पुण्याच्या मित्रांनी तो बघितलाही नसेल, ते तांबूस पट्टे बघून विचारतीलच. रात्रभर भिजव, भिजवलेलं पाणी ओतून टाक आणि नव्या पाण्यात कुकरला पूर्ण मऊ शिजव. घेवडा अर्धकच्चा राहिला तर पोट बिघडतं, यात हयगय नको. मग बारीक कांदा, कोथिंबीर, हिरवी मिरची, लिंबू आणि वर थोडं कच्चं तेल. वाट्यांत घालून दे. ज्वारीच्या पातळ भाकऱ्या तव्यावर कडक करून तुकडे कर, शेजारी खर्डा आणि घट्ट दही. कोथिंबीर त्या दिवसांत स्वस्त असते, वड्या वाफवून पूर्ण गार झाल्यावर काप आणि तव्यावर थोड्या तेलात परत. तळायला कढई ठेवलीस तर तू रात्रभर खालीच अडकशील. गोडाला मोती चौकातून कंदी पेढे आण, माणशी एक, शेवटी.

आता अवघड भाग. बोलावतानाच सांग. आल्यावर कळलं की माणसाला फसवल्यासारखं वाटतं, आणि मग तो खाली जाऊन गाडीत घेऊन येतो. पण सांगताना 'आमच्याकडे दारू मिळणार नाही हं' असं ओशाळून नको, आणि व्याख्यान तर मुळीच नको. सरळ म्हण, "घरी दारू नाही. आमसुलाचं सार, आल्याचं कडक पेय, शेकोटी आणि भाजलेले घाटे आहेत. साडेआठला ये." ज्याला यायचं तो येतो. तरी कुणी बाटली घेऊन आलाच तर त्याला बाजूला घे, चारचौघांत बोलू नकोस, "गाडीत ठेवून ये, जाताना घेऊन जा," म्हण आणि लगेच त्याच्या हातात गरम कप दे. आधीच पिऊन आलेल्याला बसव, खायला घाल, वाद घालू नकोस. त्याची किल्ली मात्र तुझ्या खिशात.

तुझ्या एका मित्राला दारू सोडून वर्षही झालेलं नाही, असं तू लिहिलं आहेस. या सगळ्यात मला काळजी त्याची आहे. त्याच्यासाठी म्हणून वेगळं काही करू नकोस आणि हा बेत त्याच्यासाठी आहे हे चुकूनही कुणाला कळू देऊ नकोस. सगळ्यांचा पेला एकसारखा असला की तो सगळ्यांतला एक होतो. 'बिनदारूची' म्हणून जी बीअर मिळते ती आणू नकोस. त्यातल्या काहींत अर्ध्या टक्क्यापर्यंत अल्कोहोल असू शकतं, आणि नसलं तरी तो वास, तो फेस, ती बाटली सोडलेल्या माणसाला जुन्या वाटेवर नेऊ शकते. चहा आंबवून घरी केलेला कोम्बुचाही नको, आंबवण्यात थोडं अल्कोहोल तयार होतंच. त्याला 'कसं चाललंय' असं खोदून विचारू नकोस. त्याला काम दे. शेकोटी त्याच्याकडे सोपव. बारा वाजता फटाके सुरू होतील, फोन घणघणतील, तेव्हा तो एकटा कठड्याशी उभा नाही ना, एवढं बघ. त्याला पुढे कधी आधार लागलाच तर तसा आधार याच गावात आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेली 'परिवर्तन' ही संस्था व्यसनमुक्तीचंच काम करते. हे त्याला त्या रात्री सांगायचं नाही, पण तुला ठाऊक असू दे.

बाराच्या ठोक्याला हातात काय द्यायचं, तर मसाला दूध. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे (अंनिस) कार्यकर्ते ३१ डिसेंबरला 'द दारूचा नव्हे, द दुधाचा' म्हणत रस्त्यावर दूध वाटतात, ते तू पाहिलं असशील. मला तो उपक्रम फार जवळचा वाटतो, कारण त्यात कुणाला दटावणं नाही, हातात काहीतरी देणं आहे. दूध लहान कपात दे, जायफळ-वेलची घालून, साखर अगदी बेताची. गूळ घालायचा मोह झाला तर उकळत्या दुधात नको, फाटतं. आच बंद करून जरा निवल्यावर घाल. सार आणि दूध यांच्यामध्ये मात्र चांगला तास-दोन तासांचा वेळ जाऊ दे, आंबटावर लगेच दूध बऱ्याच जणांना नको वाटतं.

वाढायचं काम एकट्याने अंगावर घेऊ नकोस. गच्चीवर एका कोपऱ्यात टेबल मांड, सार आणि आल्याचं पाणी दोन मोठ्या थर्मासमध्ये ठेव, लिंबं चिरून, सुरी आणि चमचे शेजारी. ज्याला हवं तो उठून घेईल, दुसऱ्यालाही भरून देईल. खुर्च्या पंधरा लावू नकोस, दहाच लाव आणि दोन सतरंज्या अंथर. गाणी लावायची तर बोलणं ऐकू येईल इतक्याच आवाजात.

आलं आणि कोथिंबीर ३१ ला सकाळी आण, स्ट्रॉबेरी त्याच दुपारी. आल्याचा रस संध्याकाळी काढ, आदल्या दिवशी काढलास तर झणका उतरतो. घेवडा विकत घेऊ नकोस, कोरेगावहून आलेला माझ्याकडे डब्यात आहे. ३० तारखेला दुपारी येऊन घेऊन जा, म्हणजे रात्री भिजत घालता येईल. मोठं स्टीलचं पातेलंही तेव्हाच ने.

तुझी,
काकू