‘नवा पोरगा’ आणि भिंतीवरचा कागद

गेल्या अंकात जुन्या घरांच्या डागडुजीबद्दल लिहिताना मी जुनी घरं दुरुस्त करून दाखवणाऱ्या, बॉस्टनच्या ‘धिस ओल्ड हाउस’ या टीव्ही कार्यक्रमाचा जाता जाता उल्लेख केला होता. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळी गच्चीची गळती आणि तुंबलेली मोरी बाजूला ठेवते. त्या प्रश्नांनी रागावू नये, पुढच्या अंकात घेते.

प्रश्न : *मुलाने टॅबवर ‘धिस ओल्ड हाउस’चे जुने भाग लावून दिले आहेत. बघत बघत मी 2003 सालापर्यंत आलो. स्टीव्ह थॉमस गेला आणि केव्हिन ओ’कॉनर नावाचा उंच, नवा पोरगा आला. याला काहीच येत नाही! सुताराला विचारतो, ‘हे कशाला लावलं?’ सूत्रसंचालकाला एवढंही ठाऊक नको? तिकडच्या प्रेक्षकांनी याला खपवून कसं घेतलं? — निवृत्त शिक्षक, नाशिक*

उत्तर : सर, आधी एक बातमी देते. तुमचा हा नवा पोरगा वीस वर्षांहून जास्त काळ तिथे ठाण मांडून बसलाय. त्याच्या आधीच्या दोघांपैकी एकालाही एवढा काळ मिळाला नाही. तेव्हा खपवून घेतलं म्हणण्यापेक्षा मुरवून घेतलं म्हणू या. पण पहिल्या वर्षी लोक काय बोलत होते ते मी कानांनी ऐकलंय, आणि त्यातली बरीच बोलणी तुमच्या पत्रासारखीच होती.

मी 1985 साली लग्न होऊन कुडाळहून थेट बॉस्टनजवळच्या वॉलथमला आले. चॅनेल दोनवर हा कार्यक्रम लागायचा. 1979 मध्ये डॉर्चेस्टरमधल्या एका पडझड झालेल्या घरापासून तो सुरू झाला. ते घर टीव्ही केंद्रानेच विकत घेतलं होतं. मी आले तेव्हा बॉब व्हिला होता. दाढीवाला, गप्पिष्ट. न्यूटनमधलं एक जुनं घर त्याने स्वतः नीट केलं होतं आणि त्याबद्दल त्याला एका मासिकाचं बक्षीस मिळालं होतं. म्हणजे त्याला ‘येत होतं’. आणि गंमत बघा, आमच्या घरात त्याच्याबद्दल तक्रार नेमकी तीच. हे सोफ्यावरून टीव्हीला ओरडायचे, ‘अरे, त्या सुताराला बोलू दे की!’ कार्यक्रमातले सुतार नॉर्म एब्रॅम लाकडाच्या सांध्याबद्दल काही सांगायला तोंड उघडायचे, की उरलेलं वाक्य व्हिलाच पुरं करून टाकायचा.

1989 मध्ये व्हिला गेला. एका दुकानसाखळीच्या जाहिरातीत तो दिसला आणि कार्यक्रमाला पैसे देणाऱ्यांना ते रुचलं नाही. त्याच्या जागी स्टीव्ह थॉमस आला, तेव्हा हेच आमचे हे म्हणाले, ‘व्हिलाची सर नाही.’ कालपर्यंत ज्याच्यावर ओरडत होते, तोच एका रात्रीत आदर्श झाला. थॉमसबद्दलची कुरकुर वेगळी होती. त्याला सगळंच सुंदर वाटतं. जिना सुंदर, खिडकी सुंदर, सांडपाण्याचा पाइपसुद्धा सुंदर. मला मात्र तो पहिल्यापासून आवडला, आणि त्याचं कारण घरदुरुस्तीशी संबंधित नव्हतं. हा माणूस टीव्हीवर येण्याआधी पॅसिफिक महासागरातल्या सातावाल नावाच्या चिमुकल्या बेटावर, माऊ पियाइलुग या नावाड्याकडून होकायंत्राशिवाय, ताऱ्यांवरून होडी हाकायला शिकला होता. आमच्या मालवणच्या एखाद्या तांडेलाने हे ऐकलं असतं तर त्याला शेजारी बसवून तंबाखू दिला असता.

आणि मग 2003. नव्या सूत्रसंचालकाची बातमी आली त्या आठवड्यात आमच्याकडे पंधरा-सोळा मराठी माणसं जेवायला होती. पुरणपोळ्या होत्या, म्हणून मला दिवस लक्षात आहे. कुणीतरी म्हणालं, ‘बँकेतला माणूस आणलाय म्हणे. बँकवाल्याला हातोडा कशाला?’ सगळे हसले. मीही हसले. दुसरा म्हणाला, ‘आता तो सुताराला व्याजाचा दर सांगेल.’

ओ’कॉनर खरोखरच बँकेत होता. त्याची निवडही मोठी मजेशीर झाली. त्याने आणि त्याच्या बायकोने बेव्हर्ली गावात व्हिक्टोरियन काळातलं जुनं घर घेतलं होतं आणि भिंतींवरचा कागद काही केल्या सुटत नव्हता. 2002 मध्ये ‘आस्क धिस ओल्ड हाउस’ हा प्रेक्षकांच्या अडचणी सोडवणारा जोडकार्यक्रम सुरू झाला होता. यांनी तिकडे साकडं घातलं. मंडळी घरी आली, चित्रीकरण झालं, आणि पुढे त्या घरमालकालाच सूत्रसंचालक म्हणून बोलावलं. म्हणजे, सर, तुम्ही आज या सदराला पत्र लिहिलंत आणि पुढच्या वर्षी माझ्या जागी तुम्ही, असा हा प्रकार. (संपादकांनी हे वाक्य वाचून न वाचल्यासारखं करावं.)

त्याला येत नाही हे तुमचं निरीक्षण बरोबर आहे. पण येणारी माणसं तिथे भरपूर आहेत. सुतारकामाला नॉर्म होते, बांधकामाला टॉम सिल्व्हा आहे, नळकामाला रिचर्ड ट्रेथवी आहे. त्या गोतावळ्यात आणखी एक जाणकार उभा केला असता, तर सगळे एकमेकांकडे बघून माना डोलावत राहिले असते आणि आपण बाहेरून टाळ्या वाजवल्या असत्या. ‘हे कशाला लावलं?’ हे विचारायला कुणीतरी हवंच ना?

लोकांचा राग का होता, तेही मला कळतं. समजा, ‘होम मिनिस्टर’मध्ये आदेश बांदेकर भाऊजींच्या जागी दुसराच कुणी पैठणी घेऊन दारात उभा राहिला असता, तर तो कितीही गुणी असला तरी माझ्या आईने आधी विचारलं असतं, ‘भाऊजी आजारी आहेत का?’ सवयीच्या माणसाची जागा घेणाऱ्याला पहिलं वर्षभर पाहुण्यासारखंच राहावं लागतं.

प्रश्न : *इतका निष्णात सुतार असताना त्यालाच सूत्रसंचालक का केलं नाही? — कोल्हापूर*

उत्तर : त्यांना त्यांचा स्वतंत्र कार्यक्रम मिळाला की. ‘द न्यू यँकी वर्कशॉप’, 1989 ते 2009. त्यात नॉर्म, चौकड्यांचा शर्ट आणि लाकूड, बाकी कुणी नाही. यंत्र सुरू करण्याआधी डोळ्यांना चष्मा लावा, ही सूचना ते दर भागात द्यायचे.

पण त्यांना शोधलं कसं, हे सांगायचा मोह आवरत नाही. कार्यक्रमाचा जनक रसेल मोराश. 1963 पासून ज्युलिया चाइल्डचा स्वयंपाकाचा कार्यक्रम उभा करणारा हाच. त्याने आपल्या घरच्या आवारातल्या बांधकामाला एक तरुण सुतार लावला होता. काम चालू असताना मोराशची नजर लाकडाच्या तुकड्यांच्या ढिगाकडे गेली. ढीग अगदीच एवढासा होता! ज्याला आधी मापायचं आणि मग कापायचं कळतं, त्याच्याकडे कचरा कमी निघतो.

हे वाचलं तेव्हा मला आमच्याकडचे मेस्त, म्हणजे सुतार, आठवले. कुडाळच्या घराची पडवी नव्याने बांधली तेव्हा मी दहा वर्षांची होते. मेस्त दिवसभरात मोजून पाच शब्द बोलायचे. गुण्या लावायचे, कानावरची पेन्सिल काढायचे, रेघ मारायचे आणि पुन्हा गुण्या लावून बघायचे. चुलीला भुसा आणि तुकडे मिळतील म्हणून आजी टोपली घेऊन बसायची आणि संध्याकाळी करवादायची, ‘या माणसाकडे जळणसुद्धा निघत नाही!’ त्यांच्या हातात माइक दिला असता तर त्यांनी तो आधी ओळंब्यात धरून बघितला असता. नॉर्म 2022 मध्ये निवृत्त झाले.

प्रश्न : *आतापर्यंतचे तिन्ही सूत्रसंचालक पुरुषच. बायका घर चालवतात, पण घराबद्दल बोलायला पुरुष. तुम्हाला हे खटकत नाही का? — पुणे*

उत्तर : खटकतं. अलीकडे बागकामाला जेन नवाडा आली आहे. हातात फावडं घेऊन ती स्वतः खणते, नुसती शेजारी उभी राहत नाही. पण मुख्य खुर्चीवर तिन्ही पुरुष हे खरंच.

आमच्या घराची गोष्ट सांगते. 1996 मध्ये चिमणीच्या बाजूने पाणी झिरपायला लागलं. छपराचं काम करणारा एक गृहस्थ आला. मी विचारलं, ‘गळतंय नेमकं कुठून?’ त्याने ह्यांच्याकडे बघून उत्तर दिलं, ‘फ्लॅशिंग गेलंय.’ मी विचारलं, ‘फ्लॅशिंग म्हणजे?’ त्याने पुन्हा ह्यांच्याकडे बघून खर्चाचा आकडा सांगितला. ह्यांनी गंभीरपणे मान हलवली. तो गेल्यावर मी विचारलं, ‘फ्लॅशिंग म्हणजे काय हो?’ हे म्हणाले, ‘मला काय माहीत!’

छप्पर आणि चिमणी जिथे भेटतात तिथे वाकवून बसवलेला पत्रा, म्हणजे फ्लॅशिंग. कौलांखाली सरकवलेला आणि विटांच्या सांध्यात खोवलेला. एवढंच. दोन वाक्यांत सांगून होतं. पण इंजिनिअर नवऱ्याला विचारायची लाज वाटली, आणि मी विचारलं तर ऐकायला कुणी नव्हतं.

म्हणून ओ’कॉनर आला आणि कॅमेऱ्यासमोर, सहा फुटी देह घेऊन, ‘थांब थांब, हे मला कळलं नाही,’ असं बेधडक म्हणायला लागला, तेव्हा माझं मत बदललं. पुरणपोळीच्या पंगतीत हसले होते, ते मी मागे घेतलं. तोवर सूत्रसंचालक सुताराच्या बाजूचा असायचा, हा माझ्या बाजूचा निघाला. त्याच्या जागी बाई असती तर तेच प्रश्न ऐकून हेच प्रेक्षक काय म्हणाले असते, तो हिशेब तुमच्यावर सोडते.

प्रश्न : *ठाण्यात फ्लॅट आहे. हॉलच्या बाहेरच्या भिंतीला हौसेने वॉलपेपर लावला, पावसाळ्यानंतर कडा सुटल्या आणि मागे काळे ठिपके दिसतात. नवा लावू का? — ठाणे*

उत्तर : अजिबात नको. कागदाचा दोष नाही, भिंत ओली आहे. आधी बाहेरून बघा. प्लास्टरला तडे, खिडकीच्या चौकटीभोवतीची फट, वरच्या मजल्याचा पाइप. ते बंद केल्याशिवाय आतला एक रुपयाही खर्च करू नका.

मग कागद काढा. त्या भिंतीवरच्या बटणांची वीज मेन स्विचपासून बंद करा. वरचा प्लास्टिकसारखा थर कोपऱ्यातून धरून सावकाश ओढा, तो बहुतेक वेळा कोरडाच निघतो. मागे राहिलेल्या कागदावर कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाकून स्पंजने भिजवा आणि पंधरा मिनिटं थांबा. थांबणं महत्त्वाचं. पाच मिनिटांत खरवडायला घेतलंत तर पुट्टीचे पोपडे निघतील. प्लास्टिकची पट्टी घ्या, लोखंडी नको. काळे ठिपके म्हणजे बुरशी, तेव्हा नाकातोंडाला मास्क हवा. मग भिंत उघडी ठेवा. वाळली का हे बघायला प्लास्टिकचा हातभर तुकडा चारी बाजूंनी चिकटवा आणि दुसऱ्या दिवशी उचला. आतून घाम दिसला तर अजून थांबा.

मला हे कुणी सांगितलं नव्हतं. 1991 मध्ये आम्ही नुकत्याच घेतलेल्या, 1920च्या दशकातल्या घराच्या जेवणघरात वाफेचं यंत्र भाड्याने आणून कागद काढायला बसलो. तिकडच्या जुन्या घरांत भिंती विटांच्या नसतात. लाकडाच्या पातळ पट्ट्या आडव्या ठोकतात आणि त्यांवर गिलावा करतात. ओला गिलावा पट्ट्यांच्या फटींतून मागे जातो, तिथे त्याची गुठळी वाळते, आणि त्या गुठळ्यांच्या जोरावर सगळी भिंत धरून राहते. आम्ही वाफ मारतोय, वर तपकिरी फुलं, खाली हिरवे पट्टे, त्याखाली आणखी एक थर. तिसऱ्या थराला ह्यांनी लोखंडी पट्टी जोरात घातली आणि गुठळ्या सुटून ताटाएवढा गिलावा थेट ह्यांच्या पायावर. खाली पट्ट्या उघड्या पडल्या, अगदी आमच्या कुडाच्या भिंतीसारख्या. घर सोडून बारा-तेरा हजार किलोमीटर आले आणि भिंत तीच!

घर 1978च्या आधीचं असेल तर रंगात शिसं असू शकतं, हेही आम्हाला नंतर कळलं. अमेरिकेत घराच्या रंगातल्या शिशावर त्या वर्षी बंदी आली. तिकडे राहणाऱ्या वाचकांनी, विशेषतः लहान मुलं घरात असतील तर, तपासून घेतल्याशिवाय जुना रंग घासू नये.

प्रश्न : *तुमच्या यजमानांना तिघांत शेवटी कोण आवडला? — सातारा*

उत्तर : आत्ताच विचारून आले. म्हणाले, ‘नॉर्म.’ मी म्हटलं, तो तिघांतला नाही. मग चहा संपेपर्यंत गप्प. कप ठेवताना म्हणाले, ‘तो नवा आहे ना, तो बरा आहे.’