क्रॉसच्या पहिल्या हंगामाआधी

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

‘मावशी, क्रॉससाठी कोणती सायकल घेऊ?’ हा तुझा मेसेज मिळाला. क्रॉस म्हणजे सायक्लोक्रॉस, गवता-चिखलातली सायकलची शर्यत. उत्तर दोन शब्दांचं आहे: कुठलीच नको. तुझ्याकडे वापरलेली माउंटन बाईक आहे, पहिला हंगाम तिच्यावरच काढ. जागतिक स्पर्धेत सायक्लोक्रॉसचा टायर ३३ मिलिमीटरपेक्षा रुंद चालत नाही हे खरं, पण आपल्या गावातल्या रविवारच्या शर्यतीत कोणी मोजपट्टी घेऊन उभं नसतं. हँडलच्या टोकांना बार-एंडची शिंगं असतील तर तेवढी काढ, ती चालत नाहीत. डिसेंबरात हंगाम संपला की लोक जुन्या क्रॉस सायकली विकायला काढतात. तेव्हाही तुला हा खेळ हवासा वाटला तर आपण दोघी जाऊन बघू.

सायकलचा प्रश्न असा मिटला, आता न विचारलेल्या गोष्टी सांगते. पायांबद्दल मी तुला काही शिकवणार नाही. साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून कासला जाणाऱ्या मुलीचे पाय तयारच असतात. पण इथे घाट नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरच्या आसपासचं जंगल सपाट दिसतं आणि तिथेच नवा माणूस फसतो. हिमयुगातल्या हिमनद्यांनी या भागात धोंड्यांचा खच टाकला. शेतकऱ्यांनी ते वेचून शेताच्या कडेला भिंती रचल्या, पुढे शेती सुटली आणि जंगल परत वाढलं. म्हणून ऐन रानात तुला दगडी कुंपणं दिसतात आणि पायवाटेवर दर चार हातांवर एखादा गोटा डोकं वर काढून असतो. त्यात मॅपल-ओकची मुळं, आणि ऑक्टोबरात त्यांच्यावर ओल्या पानांचा थर. मुळावर ब्रेक लावू नकोस, वळू नकोस. जे करायचं ते मुळाच्या आधी कर आणि त्याला शक्यतो काटकोनात ओलांड. आपल्याकडच्या मुरमाच्या वाटेवर चाक घसरलं तर थोडं आधी कळतं, इथे ते आडवं पडल्यावर कळतं.

माउंटन बाईकची शर्यत आणि क्रॉस यांत एक मोठा फरक आहे, आणि नवशिक्याने क्रॉसपासून सुरुवात करावी असं मला वाटतं ते त्यामुळेच. रानातल्या शर्यतीत तुझ्या गटाला फेऱ्या ठरवून दिलेल्या असतात. मागे पडलीस तर दीड-दोन तास झाडांशिवाय सोबत नसते. क्रॉसची फेरी अडीच ते साडेतीन किलोमीटरची, सगळी फितीने आखलेली, बहुतेक एखाद्या बागेत किंवा जत्रेच्या मैदानावर. शर्यत फेऱ्यांची नसते, वेळेची असते. जागतिक पातळीवर पुरुषांना तासभर, महिलांना ५० मिनिटं, तुझ्या गटाला अर्धा-पाऊण तास. पुढचीने शेवटची रेषा ओलांडली की बाकीच्या आपापली चालू फेरी पुरी करून थांबतात. त्यामुळे तिने सहा फेऱ्या मारल्या आणि तू चार, तरी दोघींची दमछाक जवळजवळ सारख्या वेळेची. तुझ्यासाठी कोणी ताटकळत बसत नाही. मोठ्या स्पर्धांत ८० टक्क्यांचा नियम असतो: सगळ्यात पुढच्या खेळाडूच्या पहिल्या फेरीच्या वेळेच्या ८० टक्के इतकं मागे पडलं की बाहेर काढतात. गावच्या नवशिक्या गटात सहसा तसं कोणी करत नाही.

आता खरं काम. क्रॉस म्हणजे सायकलवरून नीट उतरता येणं. हे ऐकून तू हसशील, पण पहिल्या शर्यतीत तुझी सगळ्यात जास्त सेकंदं पेडल मारताना वाया जाणार नाहीत, वाटेत मुद्दाम आडव्या लावलेल्या, उतरून ओलांडायच्या फळ्यांपाशी जातील. नियमाप्रमाणे फळ्या जास्तीत जास्त ४० सेंटिमीटर उंच असतात आणि दोन फळ्यांमध्ये चार मीटर अंतर असतं. शिवाय एखादा चढ इतका उभा किंवा इतक्या चिखलाचा, की सायकल खांद्यावर घेऊन पळावंच लागतं. हे सगळं हिरवळीवर, चालण्याच्या वेगाने शिकायचं. डाव्या बाजूला उतरायचं, कारण चेन उजवीकडे असते. उजवा पाय मागून फिरवून डावीकडे आणायचा, क्षणभर डाव्या पेडलवर उभं राहायचं आणि पळतच जमिनीवर यायचं. थांबून उतरायचं नाही. आधी जमिनीवर नुसती दोरी टाक, मग वीतभर उंचीची लाकडं, आणि खऱ्या फळ्या त्यानंतर. पहिला आठवडा फक्त उतर, दुसरा फक्त चढ. चढताना सीटवर धाडकन बसायचं नसतं. उजव्या मांडीची आतली बाजू सीटवर टेकवायची आणि घसरत जागेवर यायचं. उडी उंच मारू नकोस. मुलगे मारतात आणि मग चेहरे बघण्यासारखे होतात.

खांद्यावर घ्यायची असेल तर बाटली आणि तिचा पिंजरा घरी ठेव. अर्ध्या तासाच्या शर्यतीत पाणी प्यायला हात मोकळा होतच नाही.

टायरमधल्या हवेबद्दल लोक तासन्‌तास वाद घालतात, आणि तो वाद फुकटचा नाही. इतर कुठल्याही खर्चापेक्षा हवा जास्त फरक पाडते. रस्त्याच्या सवयीने तू टम्म भरशील. तसं केलंस तर ओल्या गवताच्या उतरत्या कडेवर चाक खाली सरकत फितीत जाईल. हवा कमी केली की टायर जमिनीवर पसरतो, त्याचे दात गवतात रुततात, मुळं-दगड गिळले जातात. फार कमी केली तर दगडावर रिम आपटते आणि ट्यूब असेल तर सापाने डसावं तशी दोन भोकं पडतात. म्हणून ट्यूबलेस कर, आत सीलंट (भोक बुजवणारा द्रव) घाल. तुझ्या वजनाला आणि तुझ्या रुंद टायरला २० पौंडांच्या (पीएसआय) आसपास सुरुवात कर. मैदानावर पोचल्यावर एक फेरी मार, मग पौंडभर सोड, परत एक फेरी. चाक कडेवर धरतंय आणि रिम लागत नाही, अशी जागा सापडेपर्यंत हे करायचं. आकडा वहीत लिही आणि शेजारी जमीन कशी होती तेही लिही, नाहीतर आकड्याला अर्थ नाही. आणि पंपावरच्या काट्यावर विश्वास ठेवू नकोस. प्रत्येक पंप वेगळं बोलतो, म्हणून मापायचा गेज एकच ठेव.

सुरुवातीच्या रांगेत तुला मागे उभं करतील. कुठे नाव नोंदवल्याच्या क्रमाने उभं करतात, कुठे आधीच्या निकालांच्या गुणांवरून, म्हणून नोंदणी उघडली की त्याच दिवशी कर. एक गंमत सांगते. क्रॉसचा हंगाम सप्टेंबरात सुरू होतो आणि जागतिक स्पर्धा जानेवारीच्या शेवटी-फेब्रुवारीत होते, म्हणून या खेळात तुझं वय पुढच्या वर्षाचं धरतात. पन्नाशीच्या गटात मी इतर सगळ्या जगाच्या एक वर्ष आधी गेले.

आता आईबद्दल. शर्यत झाली की तिचा फोन येणार आणि पहिला प्रश्न असणार, ‘कितवी आलीस?’ आपल्या घरांत दहावीपासून हाच प्रश्न असतो, त्यात तिचं काही चुकत नाही. पण इथल्या निकालाचा कागद वेगळ्या रीतीने वाचायचा असतो. तू चाळिसांत चौतिसावी येशील. पहिल्या तिघींशी तुझा काही संबंध नाही, त्या लहानपणापासून यात आहेत. तुझी शर्यत तेहतिसावी आणि पस्तिसावीशी होती. तिसऱ्या फेरीत निळ्या जर्सीवालीने तुला चिखलात मागे टाकलं, तू तिला फळ्यांवर परत गाठलंस, आणि शेवटच्या वळणावर आतली बाजू कोणी धरली? तिथे तू जीव तोडून लढलीस तर ती खरी शर्यत झाली. हे मी समजूत काढायला सांगत नाही. गावची शर्यत उभी राहते ती याच लोकांवर. पहिल्या पाच जणींच्या प्रवेशशुल्कातून रुग्णवाहिकेचंसुद्धा भाडं निघत नाही.

उलट बाजूही सांगते. दोन हंगामांत तू पुढे येऊ लागलीस तर वरच्या गटात जा. जिंकण्यासाठी मुद्दाम खालच्या गटात रेंगाळणाऱ्याला इथे सँडबॅगर म्हणतात आणि फितीबाहेरची माणसं त्याला घंटा वाजवून वाजवून हैराण करतात. घंटा म्हणजे गाईच्या गळ्यातली, क्रॉसला तीच वाजते. टोमणे तुलाही ऐकू येतील. त्यात द्वेष नसतो. जिथे तू पडशील तिथेच सगळ्यात जास्त गर्दी असेल, कारण सगळ्यांना ठाऊक असतं की तिथे माणसं पडतात.

बायकांच्या गटाबद्दल थोडं. पुरुषांची पहिली जागतिक सायक्लोक्रॉस स्पर्धा पॅरिसला १९५० साली झाली. महिलांची २००० साली. मध्ये पन्नास वर्षं गेली, आणि त्यात बायकांना सायकल चालवता येत नव्हती असं काही नाही. त्यानंतर नेदरलँड्सच्या मारियान व्होसने एकटीने आठ वेळा ती जिंकली, आठवी २०२२ साली इथेच, आर्कान्सामधल्या फेएटव्हिलला. गावपातळीवर अजून आपला गट लहान असतो. कधी मुलांबरोबर, कधी वयस्कांबरोबर मिनिटभराच्या अंतराने सोडतात. मागून कोणी ‘डावीकडून!’ म्हणून ओरडलं तर घाबरून फितीत शिरू नकोस, आपली रेघ सरळ धर. ओलांडणाऱ्याने वाट शोधायची असते. हे आयोजकांनाही ठणकावून सांगावं लागतं, मी सांगत आले आहे, आता तूही सांग.

आणि आता ज्यासाठी खरं तर लिहायला बसले ते. क्रॉसच्या एका फेरीला शेकडो खुंट्या लागतात. त्या कोणीतरी शनिवारी ठोकतं, फीत बांधतं, रविवारी संध्याकाळी उपटतं, आणि सोमवारी बागेचा माणूस येण्याआधी गवतातला चिखल सारखा करतं. हे करणारं कोणी पगारी नसतं. शर्यत आपण पैसे भरून विकत घेतो असं नव्या लोकांना वाटतं, आणि पैसे भरले की काम संपलं असंही वाटतं. तसं वाटणाऱ्यांची संख्या वाढली की तिसऱ्या वर्षी ती शर्यत दिनदर्शिकेत दिसत नाही. इथल्या किती चांगल्या शर्यती अशाच गेल्या! पैसा संपला म्हणून नव्हे, तेच चार-पाच जण थकले म्हणून.

रानातल्या वाटांचंही तसंच. मिलफर्डजवळ ‘व्हिएतनाम’ नावाचं रान आहे, तुझ्यापासून फार लांब नाही. २००३ साली ती जागा घरांसाठी जाणार अशी वेळ आली तेव्हा न्यू इंग्लंड माउंटन बाईक असोसिएशनने तिथली ४७ एकर जमीन विकत घेतली. माउंटन बाईकवाल्या संस्थेने स्वतः जमीन घ्यायची ही अमेरिकेतली पहिलीच वेळ. ही संस्था १९८७ पासून आहे आणि तिचं बरंचसं काम फावड्याने चालतं: पाण्याला वाट काढून देणं, पडलेली झाडं कापणं, ओढ्यावर फळ्या टाकणं. तू वर्षाची वर्गणी भर, पण तेवढ्यावर थांबू नकोस. वाट बांधताना हात लावलास की कळतं पाणी कुठे साचतं आणि माती कशी वाहून जाते, आणि मग ओल्या वाटेवर सायकल घालताना तुझा तुलाच संकोच वाटेल. मार्च-एप्रिलात बर्फ वितळतो तेव्हा रान बंद समज. वर्माँटमध्ये तर तो वेगळा ऋतूच मानतात, चिखलाचा. त्या दिवसांत रस्त्यावर चालव.

किरकोळ गोष्टी भराभर. रानातून आलीस की आंघोळ करताना गुडघ्यामागे, काखेत, केसांत गोचीड बघ. लहान असते तेव्हा ती खसखशीच्या दाण्याएवढी असते आणि लाइम आजार तिच्यामुळे होतो. त्या आजाराला नावच शेजारच्या कनेक्टिकटमधल्या गावाचं आहे. नोव्हेंबर-डिसेंबरात हरणांची शिकार चालते, तेव्हा भडक नारिंगी काहीतरी घाल. शर्यतीला जाताना कोरड्या मोज्यांचे दोन जोड आणि चिखलाचे कपडे टाकायला एक मोठी पिशवी घे. सायकल बागेच्या पाइपाने हळू धू. जोराच्या फवाऱ्याने बेअरिंगमधलं ग्रीस निघून जातं. धुतल्यावर चेन पुसून तेल घाल, त्याच संध्याकाळी, कितीही दमली असलीस तरी.

सरावाला बुधवारी संध्याकाळी ये, फळ्या माझ्या गाडीत असतात. आणि हंगामाची पहिली शर्यत तू अजून खेळू नकोस. त्या आधीच्या शनिवारी सकाळी सातला मैदानावर ये. हातोडे आहेत, हातमोजे तुझे तू आण. तुला मी तिसऱ्या वळणावर लावणार आहे. फीत आखताना ते वळण किती आत घ्यायचं यावरून दरवर्षी भांडण होतं, ते नीट ऐक. रविवारी त्याच वळणावर उभी राहून कोण आतून जातं आणि कोण बाहेरून, कोण आधी ब्रेक लावतं आणि कोण नंतर, ते बघ. तुझं नाव मी दुसऱ्या शर्यतीला घालते.

येताना ब्रेकचे पॅड तपासून ये, मागचा बहुतेक संपला असेल.

तुझी,
मावशी