डोंगरात उबदार आणि मॉडर्न घर बांधायचंय. डिझाइन करताना काय बघावं?

तुम्ही लिहिलंय, महाबळेश्वर-पाचगणी भागात जागा घेतलीय, घरात आई-वडील आणि दोन मुलं, घर उबदार हवं आणि मॉडर्नही. फायरप्लेस घ्यावी का, किचन ओपन ठेवावं का, दरीकडची सगळी भिंत काचेची केली तर चालेल का. काचेची भिंत वाचली आणि निवडायला घेतलेली मेथी बाजूला ठेवून लिहायला बसले.

नको. पश्चिमेला तर मुळीच नको.

थंडीचं तुम्ही उगाच मनावर घेतलंय. दर हिवाळ्यात वेण्णा तलावाजवळ दवबिंदू गोठले की गाडीच्या टपाचा फोटो पेपरात येतो आणि तो बघून लोक नकाशात फायरप्लेस काढतात. ती थंडी पंधरा दिवसांची, एक गोधडी जास्त घेतली की भागतं. आपल्याकडे घर गारठतं ते जून ते सप्टेंबर, आणि ओलीने. अंथरुणात शिरावं तर चादर दमट, उशीला वास, मीठ बरणीतच पाझरलेलं. सह्याद्रीत कोरडं घर तेच उबदार घर. हिमाचलातल्या लाकडी घरांचे फोटो आर्किटेक्टला दाखवत बसू नका, तिथला पाऊस वेगळा आणि बर्फ वेगळा.

आमचं घर महाबळेश्वरहून तापोळ्याकडे उतरणाऱ्या अंगाला, गावठाणात. जुनं घर जांभ्याचं, वर मंगलोरी कौलं, वळचण इतकी खाली की मिस्टरांना वाकून आत यावं लागे. २०११ साली ते पाडलं. माझे धाकटे दीर पुण्यात इंजिनिअर आहेत. सिव्हिल नाहीत, पण घरच्या बांधकामात सगळेच सिव्हिल असतात. भावजी म्हणाले, "वहिनी, दरवर्षी कौलं किती दिवस शाकारत बसणार? स्लॅब टाकू. उद्या वर मजला चढवता येईल." त्या मजल्यावर राहणार कोण होतं, देव जाणे. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "घराला टोपी नको का?" त्यांचं कुणी ऐकलं नाही. मीही नाही, कारण मी माझ्या काचेत गुंतले होते. हो, काचेची हौस माझी, ती भावजींच्या माथी मारत नाही. हॉलला बारा फुटी स्लायडिंग, समोर शिवसागर जलाशयाचं पाणी. एप्रिलमध्ये वास्तुशांतीला आलेला प्रत्येक पाहुणा त्या काचेपुढे फोटो काढून गेला.

मग मिरग लागला. डोंगरात पाऊस आडवा येतो, हे मला लग्नापासून माहीत होतं आणि तरी घर बांधताना आठवलं नाही. स्लायडिंगच्या खालच्या पट्टीत पाणी साचायचं आणि वाऱ्याचा झोत ते उचलून आत फेकायचा. जुने टॉवेल कोंबून ठेवायचे, दर दोन तासांनी पिळायचे. आणि ज्या दरीसाठी हा सगळा खटाटोप, ती जुलैत दिसतच नाही. चार महिने काचेबाहेर नुसतं पांढरं. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर ऊन सरळ आत, म्हणून पडदा. म्हणजे एवढ्या महागाची काच आम्ही वर्षातले जेमतेम सहा महिने वापरली.

दुसऱ्या पावसाळ्यात छतावर ओलीचे नकाशे उमटले. वॉटरप्रूफिंगवाला आला, पैसे घेऊन गेला. तिसऱ्या वर्षी दुसरा आला. सासूबाईंचं कपाट पश्चिमेच्या भिंतीला लागून होतं. दसऱ्याला त्यांनी लग्नातला शालू काढला तर घडीघडीवर बुरशी. बोलल्या काही नाहीत. उन्हात घातला, मऊ फडक्याने झटकला आणि मला म्हणाल्या, हा आता तुझ्या कपाटात ठेव. माझं कपाट आतल्या भिंतीला होतं. एवढं बोलणं मला त्या अख्ख्या बांधकामात कुणी सुनावलं नव्हतं.

२०१६ ला शेवटी स्लॅबवर छपराचा सांगाडा म्हणून लोखंडी कैच्या उभ्या केल्या, चांगला उतार दिला आणि चारी बाजूंनी चार चार फूट बाहेर काढून पत्रा घातला. महाबळेश्वरात फिरताना मान वर करून बघा, स्लॅबच्या कितीतरी घरांवर नंतर घातलेला पत्रा दिसेल. आधी स्लॅबला पैसे, मग स्लॅब वाचवायला पैसे. हा हिशेब मी भावजींना तीनदा कागदावर मांडून दाखवलाय. त्यांचं म्हणणं, वॉटरप्रूफिंग नीट झालं असतं तर ही वेळ आली नसती. असेल. पण ज्या छपराला नीट वॉटरप्रूफिंगची मेहेरबानी लागते ते इथलं छप्पर नव्हे.

तर तुम्ही छपरापासून सुरुवात करा, मॉडर्न जे काय ते त्याच्याखाली करा. तीस अंशांच्या आसपास उतार, वळचण चार फूट, खाली पन्हळ. पश्चिमेला आणि नैऋत्येला बाथरूम, जिना, कोठी अशा खोल्या आणि लहान खिडक्या. जांभा उघडा ठेवायचा मोह होतो, छानच दिसतो, पण पावसाच्या बाजूला तो पाणी पितो. मोठी काच हवीच असेल तर आग्नेयेला. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, आपल्या अक्षांशावर भर दुपारीही ४८-४९ अंशांच्या वर चढत नाही. त्यामुळे ऊन वळचणीखालून आत येतं, सकाळचं तर पार पलंगापर्यंत. आई-वडिलांना ती खोली द्या. मे महिन्यात दुपारचा सूर्य डोक्यावर, तेव्हा तीच वळचण सावली धरते. दरी बघायची ती पडवीत बसून. जुनी माणसं पावसाआधी घराला गवताच्या झडी, म्हणजे आडोसे, बांधायची. आम्ही पश्चिमेच्या पडवीला पॉलिकार्बोनेटच्या काढता-घालता येणाऱ्या चौकटी केल्यात, काम तेच, उजेडही येतो.

फायरप्लेसचं म्हणाल तर उघडी फायरप्लेस शोभेची. बहुतेक ऊब धुराड्यातून वर जाते आणि तुम्ही लाकडं घालत बसता. झाकणाची लोखंडी बुखारी, म्हणजे लाकडं घालायची बंद शेगडी, घ्या, तिचा पाइप छपराबाहेर काढा आणि तिला घराच्या मधोमध ठेवा. आमच्या जुन्या माजघरात चुलीच्या वर वलण होती, पावसाळाभर कपडे तिच्यावर सुकायचे. नव्या घरात ती जागाच राहिली नव्हती. आता आठ बाय दहाची एक खोली फक्त त्यासाठी आहे: बुखारी, वर दोन वलण्या, आणि भिंतीत उंचावर झरोका, नाहीतर कपड्यांचं पाणी भिंतीत जातं. ओल शोषणारं विजेचं मशीनही आणलं होतं. चालतं चांगलं, पण ज्या आठवड्यात त्याची खरी गरज असते त्याच आठवड्यात लाईट दोन दोन दिवस नसते. आणि कोळशाची शेगडी बंद खोलीत घेऊन झोपू नका. माणसं झोपेतच जातात.

हे आधी सांगायला हवं होतं: तुमची जागा नेमकी कुठे आहे? महाबळेश्वरला वर्षाला पाच-साडेपाच हजार मिलिमीटर पाऊस. पाचगणी तिथून जेमतेम वीस किलोमीटर, पण तिथे साधारण त्याचा तिसरा हिस्सा. पाचगणीच्या पूर्वेला वाईच्या अंगाला असाल तर माझं निम्मं उत्तर सोडून द्या. दुसरं, हा भाग २००१ पासून इको सेन्सिटिव्ह झोन आहे. झाडतोड, डोंगर कापणं, सगळ्याला नियम आहेत, ते नकाशाआधी बघा. आणि मागे डोंगर कापलाच असेल तर दरड अडवणाऱ्या भिंतीला पाणी जायला पाइप ठेवा. आमच्या गवंड्याने ते दिसायला वाईट म्हणून बुजवले होते, मी भांडून उघडून घेतले. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पडला, तेव्हा त्या प्रत्येक पाइपातून नळ सोडल्यासारखं पाणी येत होतं. त्याच पावसात खाली महाड तालुक्यात तळियेवर दरड आली.

ओपन किचन राहिलं. करा, पण फोडणीचा धूर आणि पावसाळी दमट हवा एकत्र सोफ्यात बसते एवढं लक्षात ठेवा.

गेल्या श्रावणात भावजी आले होते. घाटात भिजले होते. ओले मोजे वलणीवर टाकून बुखारीपुढे बसले, दुसरा चहा झाल्यावर वर बघत म्हणाले, "वहिनी, शेड बाकी झकास झालीय."

शेड नाही भावजी, छप्पर.