वह्या भरल्या, पुस्तक का झालं नाही?

प्रश्न : माझे वडील शाळेत मराठी शिकवायचे. ते गेल्यावर माळ्यावरच्या ट्रंकेत वह्या सापडल्या. काटोलकडच्या संत्रा बागायतदारांवरची एक कादंबरी आहे. तिचं पहिलं प्रकरण चार वेगवेगळ्या वह्यांत आहे आणि शेवट कुठेच नाही. काही कथाही अर्ध्यावर सोडलेल्या. हयातीत त्यांनी एक ओळ छापली नाही. एवढं लिहायचं आणि पुरं करायचं नाही, छापायचंही नाही, असं लेखक काहून करतात? कोणाकडून शेवट लिहून घेऊन आम्ही ही कादंबरी छापावी का?
— एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : ताई, पहिलं प्रकरण चार वह्यांत आहे, हे तुम्ही ओघात लिहून गेलात. आळशी माणूस एकच प्रकरण चारदा लिहीत नाही. तेव्हा ‘बाबांना चिकाटी नव्हती’ असं घरात कोणी म्हणत असेल, तर आधी त्याला गप्प करा.

काही ठिकाणी कारण शोधावंच लागत नाही. आपल्या सावनेरला राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी गेले, वय अवघं तेहतीस. आजारपणात ‘भावबंधन’ हे नाटक पुरं झालं, ‘राजसंन्यास’ राहिलं. ‘वाग्वैजयंती’ हा कवितासंग्रहही मागाहून, १९२१ साली आला. तिथे आयुष्यच अपुरं पडलं.

पण गजानन माधव मुक्तिबोधांचं काय? घरची भाषा मराठी, लिहिलं हिंदीत, आणि १९४८ नंतरची जवळपास दहा वर्षं ते आपल्या नागपुरात होते. नोकरी सरकारी माहिती खात्यात, मग आकाशवाणीत, मग एका साप्ताहिकात. पैशांची ओढाताण कायमची. तरी एकेक दीर्घ कविता ते वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा लिहीत राहिले. आपल्या छोट्या कविता खरं तर छोट्या नसून अपुऱ्या असतात, असं त्यांनीच लिहून ठेवलंय. वास्तवाचा एक धागा ओढला की दुसरा येतो, तो तिसऱ्यात गुंतलेला असतो. मग कवितेनं थांबायचं कुठे? अशा माणसाला ‘आता संपवा’ म्हणणं सोपं आहे, पण त्याच्या लेखी संपवणं म्हणजे खोटं बोलणं. ११ सप्टेंबर १९६४ रोजी ते दिल्लीत गेले आणि ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ हा त्यांचा पहिला कवितासंग्रह त्यानंतर निघाला. तोही मित्रांनी जुळवलेला.

माझं सगळं म्हणणं त्या मित्रांपाशी येतं. मी उमेदीची वर्षं नागपुरात सीताबर्डीवरच्या एका छापखान्यात प्रुफं तपासली. लिहिणं एक काम आणि पुस्तक होऊ देणं दुसरं, हे तिथे डोळ्यांनी पाहिलं. एक गृहस्थ दुसऱ्या प्रुफावर समासभर नवा मजकूर लिहायचे. खिळे जुळवणारा जुळारी वैतागायचा, मालक खर्चाचं बोलायचे. अखेर त्यांनी बाड परत नेलं ते नेलंच. मी त्यांना भित्रे म्हणणार नाही. छापलं की वाक्य हातचं जातं, हे त्यांना फार चांगलं कळत होतं. त्यांच्याकडून ते काढून घेणारं माणूस मात्र कोणी नव्हतं. आपल्याकडच्या कित्येक कथा पुऱ्या झाल्या त्या दिवाळी अंकाच्या संपादकाने तगादा लावला म्हणून. (त्यातल्या काही अपुऱ्या राहिल्या असत्या तर बरं झालं असतं, पण ते असो.)

केशवसुत १९०५ मध्ये गेले, तेव्हा त्यांच्या नावावर कवितासंग्रह नव्हता. तो हरि नारायण आपट्यांनी १९१७ मध्ये काढला. आणि गंमत म्हणजे खुद्द हरिभाऊंच्याही काही कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या! वडिलांना असा आपटे भेटला नाही, इतकंच कदाचित झालं असेल. चार वह्या बघता मुक्तिबोधांच्या वळणाचाही थोडा भाग असावा.

आता शेवट लिहून घेण्याबद्दल. नको. जर्मन भाषेत लिहिणारा कादंबरीकार काफ्का १९२४ मध्ये गेला. कागद जाळून टाक, असं त्याने मित्राला, माक्स ब्रॉडला सांगून ठेवलं होतं. ब्रॉडने ऐकलं नाही, म्हणून तीन अपुऱ्या कादंबऱ्या जगाला मिळाल्या. पण १९२६ मध्ये ‘द कॅसल’ काढताना पुस्तक पुरं वाटावं म्हणून त्याने शेवटाकडची पानं गाळली. पुढच्या आवृत्तीत ती परत घालावी लागली. मूळ हस्तलिखित वाक्याच्या मध्येच थांबतं आणि आज तसंच छापतात. कोणाचं काही अडलेलं नाही.

वडिलांनी ‘कोणाला दाखवू नका’ असं कुठे लिहिलंय का, ते आधी बघा. लिहिलं असेल तर घरातल्यांनी मिळून ठरवा. माझं मत विचाराल तर वह्या वाचाव्यात. तसं लिहिलं नसेल तर पानांवर पेन्सिलीने क्रमांक घाला, शाईने नको, आणि सगळ्या वह्या स्कॅन करा. चार मसुद्यांतला कुठला आधीचा ते वहीच्या किमतीवरून, शाईवरून, मध्ये ठेवलेल्या चिठ्ठ्यांवरून कळतं. कादंबरीत संत्र्याचे दोन हंगाम (आंबिया बहार आणि मृग बहार), बागेचा सौदा, दलाल यांविषयी काय आलंय ते काटोलच्या एखाद्या जुन्या बागायतदाराला वाचून दाखवा. बाबांना माहिती कुठून मिळाली तेही तिथेच कळेल. मग सगळ्यात शेवटच्या मसुद्यातलं पहिलं प्रकरण एखाद्या दिवाळी अंकाकडे पाठवा, खाली ‘अपूर्ण’ असं स्पष्ट लिहून. अंकांची जुळवाजुळव उन्हाळ्यातच सुरू होते, तेव्हा गणपतीपर्यंत थांबू नका.